शिपाई ते लेफ्टनंट जनरल: चेस्टी पुलरची 37 वर्षं

आपल्याकडे परमवीर चक्राखालोखाल महावीर चक्र येतं. अमेरिकेच्या नौदलात तसाच मेडल ऑफ ऑनरखालोखाल नेव्ही क्रॉस येतो. असं पदक दोनदा मिळालेले लोक कुठल्याही सैन्यात मोजकेच असतात. आपल्याकडच्या मोजक्यांत जनरल अरुणकुमार वैद्य होते, 1965 आणि 1971 अशा दोन्ही युद्धांत महावीर चक्र मिळवलेले. लुईस बरवेल पुलर या अमेरिकन मरीनला नेव्ही क्रॉस पाच वेळा मिळाला. मरीन कोअरमध्ये हा आकडा दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाही. शिवाय त्याच तोडीचं भूदलाचं पदक, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, एकदा. मेडल ऑफ ऑनर मात्र त्याला कधीच मिळालं नाही, आणि याची चुटपुट त्याच्या चाहत्यांना आजही आहे.

मला ही पदकांची रास तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचं हे, की साध्या शिपायापासून सुरुवात करून लेफ्टनंट जनरल होईपर्यंत पुलरचा हुद्दा बदलत गेला, पण लढाई चालवण्याची रीत फारशी बदलली नाही. ती रीत तो चाळीस जणांच्या गस्ती तुकडीत शिकला. त्याच रीतीनं ग्वादलकनालवर एका बटालियननं पावसाळी रात्रीत अख्खा विमानतळ वाचवला, आणि त्याच रीतीपायी दोन वर्षांनी पेलेलिऊवर तीन हजारांची रेजिमेंट आठवड्याभरात निम्म्याहून कमी उरली.

मरीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 26/11 ला मुंबईत उतरलेले मार्कोस येतात. अमेरिकेचं मरीन कोअर हा वेगळाच प्रकार आहे. मार्कोस ही नौदलातली निवडक कमांडोंची छोटी फौज. मरीन कोअर हे नौदल खात्याखालचं, पण स्वतःचं पायदळ, तोफखाना आणि विमानं असलेलं स्वतंत्र दल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याची संख्या पावणेपाच लाखांच्या वर गेली होती. समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणं हे त्याचं मुख्य काम. विसाव्या शतकाच्या पहिल्या तिशी-पस्तिशीत मात्र त्याच्या वाट्याला दुसरंच काम जास्त आलं: कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या लहान देशांत अमेरिकेचं वर्चस्व टिकवणं. पुलर घडला तो या कामात.

त्याचा जन्म 26 जून 1898 चा, व्हर्जिनियातल्या वेस्ट पॉइंट गावचा. वडील किराणा मालाचे व्यापारी, मुलगा दहा वर्षांचा असताना वारले. आजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या घोडदळातून लढताना 1863 मध्ये केलीज फोर्ड इथे मारले गेले होते. गावात त्या युद्धातले म्हातारे सैनिक अजून होते, आणि पोरगा त्यांच्या गोष्टी ऐकत वाढला. दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन त्याचं दैवत बनला, आणि हेंडरसननं लिहिलेलं जॅक्सनचं चरित्र पुढे मोहिमांवरही त्याच्या सामानात असे. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूचं हे आकर्षण आज आपल्याला खटकतं. त्या काळच्या व्हर्जिनियात ते कुणाला खटकत नव्हतं.

1917 मध्ये तो व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. जॅक्सन एकेकाळी तिथेच शिकवत असे. चार वर्षं काढली असती तर सरळ अधिकारी झाला असता. पण पहिलं महायुद्ध चालू होतं, फ्रान्समध्ये बेलो वूडच्या जंगलात मरीननी गाजवलेल्या पराक्रमाच्या बातम्या येत होत्या, आणि हा वर्षभरातच शिक्षण सोडून ऑगस्ट 1918 मध्ये मरीन कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाला. युद्ध मात्र त्याची वाट बघत थांबलं नाही. नोव्हेंबरात शस्त्रसंधी झाली, पुलर अजून अमेरिकेतच.

त्यानंतर जे झालं ते सरकारी नोकरीतल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण पुरं करून 16 जून 1919 ला तो राखीव दलात सेकंड लेफ्टनंट झाला. युद्ध संपल्यामुळे सैन्यात कपात चालू होती. दहा दिवसांत त्याला कार्यमुक्त करण्यात आलं आणि हातात उरला कॉर्पोरलचा हुद्दा, म्हणजे आपल्याकडचा नाईक.

मग त्यानं हैतीची वाट धरली. 1915 पासून हैती अमेरिकेच्या ताब्यात होतं. तिथे जाँदार्मरी नावाचं स्थानिक लष्करी पोलीस दल उभारलं होतं: शिपाई हैतीचे, अधिकारी मरीन. मरीन कोअरमधला साधा कॉर्पोरल किंवा सार्जंट त्या दलात लेफ्टनंट किंवा कॅप्टन म्हणून काम करी. पगार दोन्हीकडून मिळे आणि जबाबदारी वयाला न झेपणारी असे. पुलर तिथे कागदोपत्री नाईक आणि प्रत्यक्षात लेफ्टनंट होता. डोंगरात ‘काको’ म्हणून ओळखले जाणारे बंडखोर अमेरिकनांशी लढत होते. त्यांचा नेता शार्लमाञ पेराल्त याला 1919 मध्येच हर्मन हॅनेकन नावाच्या मरीननं वेषांतर करून, थेट त्याच्या छावणीत शिरून गोळी घातली. हॅनेकनही तसाच, मरीनमध्ये सार्जंट आणि जाँदार्मरीत कॅप्टन. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

पाच वर्षांत पुलर चाळीसहून अधिक चकमकींत होता. तिथे त्याला शिकवलं ते कुठल्या अकादमीनं नव्हे, तर त्याच्याच हाताखालच्या हैतीच्या शिपायांनी. रात्री कसं चालायचं, पायवाटेवरच्या खुणा कशा वाचायच्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दबा धरून बसलेल्या शत्रूनं गोळीबार सुरू केला की काय करायचं. जमिनीला चिकटून राहिलात तर एकेक जण टिपला जाणार. म्हणून गोळीबार जिकडून येतो तिकडेच तत्काळ धाव घ्यायची. छोट्या तुकडीला हे सूत्र लागू पडतं. पुलरच्या अंगात ते कायमचं मुरलं.

हा सगळा पराक्रम कोणत्या कामी आला, हे न बोलता पुढे जाणं मराठी वाचकाला तरी जमू नये. काको हे हैतीचे लोक होते आणि आपल्या देशावरच्या परकीय ताब्याविरुद्ध लढत होते. मरीननी हैतीच्या शेतकऱ्यांना रस्त्यांवर वेठीनं राबवलं होतं, आणि बंडाचं ते एक मोठं कारण होतं. पुलरनं यावर कधी फार डोकं खाजवलं असेल असं वाटत नाही. हुकूम असेल तिथे जाऊन लढायचं, इतकाच त्याचा हिशेब.

6 मार्च 1924 ला त्याला पुन्हा सेकंड लेफ्टनंट करण्यात आलं, आणि आता ते कायमचं होतं. मधे त्यानं पेन्साकोलाला वैमानिक व्हायचा प्रयत्न करून बघितला, जमलं नाही. मग हवाई बेटं, सॅन दिएगो अशा बदल्या. 1928 च्या अखेरीस तो निकाराग्वात पोचला आणि त्याचं खरं नाव तिथे झालं.

निकाराग्वात ऑगुस्तो सांदिनो हा बंडखोर नेता अमेरिकन फौजेला दाद देत नव्हता. इथेही स्थानिक दल उभं केलेलं होतं, गार्दिया नासियोनाल. जिनोतेगा गावात तळ असलेल्या त्याच्या एम कंपनीची सूत्रं पुलरकडे आली. तीस-चाळीस निकाराग्वन शिपाई, सोबत दुय्यम म्हणून विल्यम ली हा धिप्पाड गनरी सार्जंट. पुलरनं सामान कमी केलं, खेचरं मोजकीच ठेवली, स्वतःसकट सगळ्यांना पायी चालवलं. जड लवाजम्यानं फिरणाऱ्या तुकड्यांना सांदिनोचे लोक कधी सापडत नसत; या तुकडीला सापडू लागले. गनिमी कावा ज्यांच्या इतिहासात आहे त्यांना यातलं गणित वेगळं समजवायला नको. ज्याची रसद हलकी, त्याची चाल जलद. फरक इतकाच, की इथे ते तंत्र बंडखोरांविरुद्ध वापरलं जात होतं. 1930 मधल्या लागोपाठच्या पाच चकमकींसाठी त्याला पहिला नेव्ही क्रॉस मिळाला.

दुसरा मिळाला 1932 मध्ये. सप्टेंबरच्या उत्तरार्धात चाळीस शिपायांची तुकडी घेऊन पुलर आणि ली जिनोतेगाच्या उत्तरेला ऐंशी ते शंभर मैल आत, मदतीची कुठलीच शक्यता नसलेल्या मुलखात गेले. 26 सप्टेंबरला त्यांच्यावर दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून मोठ्या टोळीनं हल्ला केला. ली जखमी होऊन पडला, पुन्हा उठला आणि मशीनगन चालवू लागला. तुकडीनं दोन्ही टेकाडं एकापाठोपाठ एक चढून घेतली. जखमींना घेऊन परतताना पुन्हा दोनदा हल्ले झाले, तेही परतवले. ली याला निकाराग्वात एकूण तीन नेव्ही क्रॉस मिळाले. पुढे डिसेंबर 1941 मध्ये तो उत्तर चीनमध्ये जपान्यांच्या हाती सापडला आणि अख्खं महायुद्ध त्यानं कैदेत काढलं. नशिबाचा फासा कुणाचा कसा पडेल सांगता येत नाही. ली निकाराग्वात पुलरच्या बरोबरीनं लढला होता; आज त्याचं नाव मरीनबाहेर कुणाला ठाऊक नाही.

जानेवारी 1933 मध्ये मरीन निकाराग्वातून निघून गेले. वर्षभरानंतर, फेब्रुवारी 1934 मध्ये, त्याच गार्दियाच्या लोकांनी वाटाघाटींसाठी आलेल्या सांदिनोला ठार केलं. गार्दियाचा प्रमुख सोमोसा पुढे देशाचा हुकूमशहा झाला आणि त्याच्या घराण्याची सत्ता 1979 पर्यंत चालली.

पुलरची नंतरची काही वर्षं चीनमध्ये गेली. पेकिंगच्या अमेरिकन वकिलातीच्या रक्षणासाठी मंगोलियन तट्टांवर बसणारी मरीनची एक घोडेस्वार तुकडी होती, तिचा तो प्रमुख झाला. मग ऑगस्टा या युद्धनौकेवर. नौकेचा कप्तान चेस्टर निमिट्झ, जो पुढे प्रशांत महासागरातल्या सगळ्या नौदलाचा सेनापती झाला. 1936 मध्ये, सैन्यात येऊन अठरा वर्षं लोटल्यावर, पुलर कॅप्टन झाला. शांततेच्या काळात बढती अशीच गोगलगाईच्या चालीनं होई. त्या वर्षापासून तीनेक वर्षं तो फिलाडेल्फियात नव्या अधिकाऱ्यांना शिकवत होता. त्याच्या वर्गात बसलेल्यांत ग्रेगरी बॉयिंग्टन होता, जो महायुद्धात नावाजलेला लढाऊ वैमानिक झाला, आणि लुईस वॉल्ट होता, ज्यानं व्हिएतनाममध्ये मरीनचं नेतृत्व केलं.

महायुद्ध अमेरिकेवर येऊन आदळलं तेव्हा पुलर त्रेचाळीस वर्षांचा होता. छाती पिंपासारखी पुढे आलेली, म्हणून ‘चेस्टी’. तोंडात पाइप आणि आवाज कवायतीच्या मैदानाला पुरून उरेल असा. सातव्या मरीन रेजिमेंटची पहिली बटालियन त्याच्याकडे होती. अमेरिकेतून ती आधी सामोआला गेली आणि 18 सप्टेंबर 1942 ला ग्वादलकनालवर उतरली.

ग्वादलकनाल हे सॉलोमन बेटांमधलं एक दमट, मलेरियानं भरलेलं बेट. तिथली अर्धवट बांधलेली जपानी धावपट्टी मरीननी ऑगस्टमध्ये घेतली होती आणि तिला हेंडरसन फील्ड नाव दिलं होतं. धावपट्टी ज्याच्याकडे, बेट त्याच्याकडे. सगळी लढाई त्या एका पट्टीभोवती फिरत होती.

सुरुवात चांगली झाली नाही. 27 सप्टेंबरला मातानिकाऊ नदीपलीकडे त्याच्या बटालियनच्या तीन कंपन्या समुद्रमार्गे उतरवण्यात आल्या आणि जपान्यांनी त्यांना वेढलं. त्यांचा प्रमुख मेजर ओथो रॉजर्स मारला गेला. रेडिओ नाही. अंगातले बनियन टेकडीवर पसरून त्यांनी ‘हेल्प’ अशी अक्षरं मांडली, आणि वरून जाणाऱ्या वैमानिकाला ती दिसली. पुलर किनाऱ्यावर धावला, मॉन्सेन या विनाशिकेवर चढला, आणि तिच्या तोफांच्या आडोशानं त्यानं आपली माणसं होड्यांतून परत काढली. होड्या आड घालून माघार झाकणारा तटरक्षक दलाचा डग्लस मन्रो त्यात मारला गेला. अमेरिकन तटरक्षक दलाच्या इतिहासातलं एकमेव मेडल ऑफ ऑनर त्याच्या नावावर आहे.

महिन्याभरानं, 24 ऑक्टोबरच्या रात्री, पुलरच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई झाली. जपानची सेंदाई डिव्हिजन जंगल तोडत धावपट्टीच्या दक्षिणेला येऊन पोचली होती. त्या बाजूला आधी दोन बटालियन होत्या. दुसरी, म्हणजे हॅनेकनची (तोच हैतीवाला, आता लेफ्टनंट कर्नल), नेमकी पश्चिमेकडे हलवली गेली. सव्वादोन किलोमीटरहून लांब फळी आता एकट्या पुलरच्या बटालियनवर. त्यानं माणसं पातळ पसरली, काटेरी तारा लावून घेतल्या, तारांना रिकामे डबे आणि गोळ्यांच्या पुंगळ्या अडकवल्या, म्हणजे कुणी सरकलं की आवाज व्हावा. सगळे टेलिफोन रात्रभर एकत्र जोडून ठेवायला लावले. एका चौकीवर काही घडलं की सगळ्यांना ऐकू जाणार.

पाऊस कोसळत होता. मध्यरात्रीनंतर हल्ले सुरू झाले आणि पहाटेपर्यंत लाटेमागून लाट येत राहिली. मशीनगनच्या एका ठिकाणी सार्जंट जॉन बॅसिलोन होता. मशीनगनची जागा बदलत, बिघडलेली हत्यारं अंधारात चाचपून दुरुस्त करत, शत्रूमधून वाट काढत गोळ्यांच्या पट्ट्या आणत त्यानं ती बाजू धरली. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. फेब्रुवारी 1945 मध्ये तो इवो जिमावर पहिल्याच दिवशी मारला गेला. पुलरनं इथे जे केलं त्याला मात्र मी नुसतं शौर्य म्हणणार नाही. भूदलाच्या 164 व्या रेजिमेंटची एक बटालियन मदतीला आली तेव्हा तिला वेगळा मोर्चा न देता, त्यानं तिच्या शिपायांना चिखल-पावसात दोन-चार करून आपल्या माणसांच्या खंदकांत पेरलं. अनोळखी जंगल, काळोख, वर गोळीबार, आणि नवखे सैनिक अनुभवींच्या शेजारी जाऊन बसले. सकाळी फळी जागेवर होती. त्याचा तिसरा नेव्ही क्रॉस या रात्रीचा. पंधरवड्यानं तो पायाला तोफगोळ्याचे तुकडे लागून जखमी झाला. एक तुकडा मांडीतच राहिला.

शिपायांमध्ये त्याच्याबद्दल जे प्रेम होतं त्याची कारणं साधी होती. आधी शिपाई जेवणार, मग अधिकारी. तंबू, गादी, खुर्ची यांचा सोस नाही. माणसं चिखलात झोपत असतील तर कमांडरही चिखलात. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सलाम ठोकला नाही म्हणून एका तरुण लेफ्टनंटनं शिपायाला शंभर सलाम ठोकायची शिक्षा दिली. पुलरनं ते पाहिलं आणि लेफ्टनंटला सांगितलं, की प्रत्येक सलामाला उत्तर देणं अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. लेफ्टनंटचाही हात शंभर वेळा वर गेला. असं खरंच घडलं की नाही कोण जाणे, पण शिपायांनी ही गोष्ट ज्याच्या नावावर जपली तो शिपाईगडी म्हणूनच त्यांना आठवत होता.

डिसेंबर 1943 मध्ये न्यू ब्रिटन बेटावरच्या केप ग्लॉस्टरला तो रेजिमेंटचा दुय्यम अधिकारी होता. लढाईच्या धुमाळीत दुसऱ्यांच्या बटालियन त्याच्या हाती आल्या, त्या सावरून त्यानं पुढे नेल्या. चौथा नेव्ही क्रॉस. फेब्रुवारी 1944 मध्ये पहिल्या मरीन रेजिमेंटची कमान मिळाली. जुलैत त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल, तोही मरीन अधिकारी, ग्वामवर गोळी लागून मारला गेला. आणि सप्टेंबरात पेलेलिऊ.

पेलेलिऊ हे प्रवाळखडकाचं जेमतेम दहा किलोमीटर लांबीचं बेट. डिव्हिजनचा प्रमुख जनरल रुपर्टस यानं भाकीत केलं होतं, की तीन-चार दिवसांत काम आटपेल. पण जपानी कर्नल नाकागावा कुनिओ यानं आधीच्या बेटांवरचे जपानी डावपेच टाकून दिले होते. किनाऱ्यावर शेवटपर्यंत लढत बसायचं नाही, रात्रीच्या वेड्या धडका मारायच्या नाहीत. उमुरब्रोगोलच्या सुळक्यांत शेकडो गुहा तयार केलेल्या, एकमेकींना आडवा मारा करता येईल अशा. शत्रूला आत येऊ द्यायचं आणि एकेका माणसाची किंमत वसूल करायची.

15 सप्टेंबर 1944 ला पुलरची रेजिमेंट डाव्या बाजूला, सगळ्यांत वाईट जागी उतरली. किनाऱ्यावरचा एक खडकाळ सुळका घेताना कॅप्टन जॉर्ज हंटच्या 235 जणांच्या कंपनीतले 78 जण उरले. मग पुढचे सुळके. पारा 46 अंशांपर्यंत, पिण्याचं पाणी तेलाच्या पिंपांतून आलेलं आणि तेलाचाच वास मारणारं, पायाखाली सुरीसारखा प्रवाळ, जिथे खंदक खणताच येत नाही. पुलरची मांडी जुन्या तुकड्यामुळे सुजून फुगली होती. चालता येईना तरी त्याचा तळ आघाडीपासून हाकेच्या अंतरावर. पण इथे पुढे असण्यानं काय साधणार होतं? गोळीबार जिकडून येतो तिकडेच धाव घ्या, हे हैतीचं सूत्र इथे थेट मृत्यूकडे नेत होतं, कारण गोळीबार एका टेकाडावरून नव्हे, चहूबाजूंच्या गुहांतून येत होता. एक सुळका घेतला की पुढच्या दोन सुळक्यांच्या टप्प्यात. तरी रोज सकाळी हल्ल्याचा हुकूम निघे, आणि मनुष्यबळ संपत आलं तेव्हा स्वयंपाकी, कारकून, अभियंते यांना बंदुका देऊन वर पाठवण्यात आलं.

21 सप्टेंबरला रुपर्टसचा वरिष्ठ जनरल रॉय गायगर स्वतः पुलरच्या तळावर आला. समोर उभा असलेला कमांडर थकून गेला होता आणि आपल्या रेजिमेंटची अवस्था त्याला नीट सांगता येत नव्हती. रुपर्टसला भूदलाची मदत घ्यायची नव्हती; गायगरनं ती घ्यायला लावली आणि पुलरची रेजिमेंट मागे काढली. तिची हानी 1749, म्हणजे निम्म्याहून अधिक. लढाई संपायला 27 नोव्हेंबर उजाडला.

यात दोष कुणाचा, यावर सैनिकी इतिहासकार अजून भांडतात. दबाव रुपर्टसचा होता, हुकूम त्याचेच होते, हे खरं. नाकागावाच्या नव्या पद्धतीचा अंदाज कुणालाच नव्हता, हेही खरं. पण रेजिमेंटच्या कमांडरचं काम बटालियनच्या कमांडरपेक्षा वेगळं असतं. थोडं मागे राहून, सगळी जमीन बघून, वरच्याला ठामपणे ‘नाही’ म्हणणं त्यात येतं. पुलरनं पेलेलिऊवर ते केलं नाही, आणि माझ्या मते त्याची बाजू घेणाऱ्यांपाशी याला पटेल असं उत्तर नाही.

कोरियात मात्र त्याच रेजिमेंटचा कमांडर म्हणून वेगळा पुलर दिसतो. जून 1950 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो पर्ल हार्बरच्या मरीन छावणीचा प्रमुख होता. तारांवर तारा करून त्यानं लढाईची नेमणूक मिळवली. 15 सप्टेंबरला इंचॉनला उतरला, सोलमध्ये रस्त्यारस्त्यांत लढला. मग नोव्हेंबरच्या शेवटी चोसिन जलाशयाजवळ चिनी सैन्यानं पहिल्या मरीन डिव्हिजनला डोंगरात ठिकठिकाणी घेरलं. पुलर कोटो-री या गावात होता, एकमेव अरुंद घाटरस्त्याच्या मधोमध. थंडी शून्याखाली तीस अंशांच्या आसपास: बंदुकांचं तेल गोठत होतं आणि सलाईनच्या बाटल्या निकामी होत होत्या. पुलरच्या नावावर सांगितलं जाणारं, शत्रू चहूबाजूंनी असल्यानं त्याला शोधायची कटकट वाचली अशा अर्थाचं वाक्य याच वेढ्याशी जोडलं जातं. त्याची इतकी रूपं प्रचलित आहेत, की नेमकं तो काय म्हणाला हे ठरवणं कठीण.

इथे त्याला धडक मारायची नव्हती, जागा धरायची होती. वरून माघार घेणारे सैनिक येऊन मिळेपर्यंत कोटो-री टिकली पाहिजे. ती टिकली. हजारो लोक तिथे जमले आणि पुढे फुंचिलिन घाटात चिन्यांनी पूल उडवून दिलेला. पोलादी पुलाचे आठ भाग, प्रत्येकी टनाहून जड, 7 डिसेंबरला विमानातून पॅराशूटनं टाकण्यात आले. एक चिन्यांच्या हद्दीत पडला, एक मोडला, उरलेल्यांवर काम भागलं. कोटो-रीत 117 मृत सैनिकांना एकाच खड्ड्यात मूठमाती द्यावी लागली. जखमी आणि जिथे जमेल तिथे मृत, जीपच्या बॉनेटवर बांधून, पुलरच्या रेजिमेंटनं पिछाडी सांभाळत खाली आणले. भूदलाचं पदक आणि पाचवा नेव्ही क्रॉस या दहा-बारा दिवसांतले.

जानेवारी 1951 मध्ये तो ब्रिगेडियर जनरल झाला, 1953 मध्ये मेजर जनरल. पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मायदेशी आल्यावर तरुण सैनिक आइस्क्रीमनं मऊ पडलेत, त्यांना बिअर आणि व्हिस्की द्या, असं काहीसं तो वार्ताहरांना बोलून बसला आणि दारूबंदीवाल्यांचा रोष ओढवून घेतला. 1954 मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्याला नोकरी सोडायची नव्हती. 1 नोव्हेंबर 1955 ला सक्तीनं निवृत्त व्हावं लागलं. लढाईतल्या पदकांमुळे निवृत्तीच्या दिवशी एक हुद्दा वरचा देण्याची तेव्हा पद्धत होती, म्हणून लेफ्टनंट जनरल. शिपाई म्हणून आत आलेला माणूस तीन ताऱ्यांनिशी बाहेर पडला.

त्यानंतर 1956 मध्ये एका सार्जंटनं रात्री दलदलीत नेलेल्या रंगरुटांपैकी सहा जण बुडाले, तेव्हा त्या सार्जंटच्या बाजूनं पुलर साक्षीला उभा राहिला. कडक प्रशिक्षणाशिवाय मरीन घडत नाही, हे त्याचं म्हणणं. आज वॉशिंग्टनच्या मरीन छावणीतल्या बुलडॉगला पिढ्यान्‌पिढ्या ‘चेस्टी’ हेच नाव देतात, आणि 2005 मध्ये त्याच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं.

त्याचा मुलगा, लुईस पुलर ज्युनियर, वडिलांच्या मागोमाग मरीन अधिकारी होऊन व्हिएतनामला गेला. 11 ऑक्टोबर 1968 ला पेरून ठेवलेल्या तोफगोळ्यावर त्याचा पाय पडला. दोन्ही पाय गेले, हातांची बोटं गेली. बरोबर तीन वर्षांनी, 11 ऑक्टोबर 1971 ला, चेस्टी पुलर वारला. मुलगा वकील झाला, दारूच्या व्यसनातून गेला, आणि ‘फॉर्च्युनेट सन’ हे आत्मचरित्र लिहून 1992 चं पुलित्झर पारितोषिक मिळवलं. दोन वर्षांनी त्यानं आत्महत्या केली. पुलरवरची चरित्रं बरीच आहेत आणि इंग्रजी वाचणाऱ्याला सहज मिळतात. त्यांतलं कुठलंही वाचा, पण त्याच्या जोडीला मुलाचं हे पुस्तकही जरूर वाचा.